योजना, मोजमाप आणि मजूर

विकासाची कामे आपल्या जालना जिल्ह्याला नवी नाहीत. बांध घातले गेले, पाझर तलाव खणले गेले, रस्त्यांवर खडी पडली, डोंगरउतारावर चर निघाले. प्रत्येक कामाच्या शेवटी एक कागद तयार होतो. किती मीटर चर, किती ब्रास माती, किती दिवस मजुरी, किती रुपये खर्च, हे सारे त्यात व्यवस्थित लिहिलेले असते. मात्र ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला ते साधले की नाही, याचे उत्तर त्या कागदात बहुधा सापडत नाही. काम झाले हे एक, आणि कामाने काय झाले हे दुसरे. या दोहोंतला फरक माणसांनी केव्हा ओळखला, तो मांडण्याची रीत कोणी बसवली आणि ती रीत आपल्या शिवारापर्यंत कशी आली, हा एक इतिहासच आहे, आणि तो आज श्रोत्यांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

आम्ही अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हे. शाळेने जेवढे दिले तेवढे घेतले, बाकीचे वाचनालयाने आणि कामगार संघटनेच्या कचेरीने शिकवले. तेव्हा विद्वानांची परिभाषा कामापुरती घेऊ आणि बाकी साध्या बोलीत बोलू.

या विषयावर बोलणारे बहुतेक लोक प्रारंभ अमेरिकेपासून करतात. आम्ही तो पुण्यापासून करतो. इंग्रजी अमदानीत पाटबंधारे खाते कालव्याचा नफातोटा एकाच मापाने मोजी. भांडवल किती गुंतले आणि पाणीपट्टी किती जमा झाली, एवढाच हिशेब. पाणीपट्टीतून व्याज सुटले तर कालवा ‘उत्पादक’, न सुटले तर दुष्काळापासून ‘संरक्षक’. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी करून 1948 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हे मापच बदलले. पाण्याने सरकारी तिजोरीत किती भर पडली, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाण्याने शेतकऱ्याचे पीक, मजुराचे काम, गावचा व्यापार आणि परिसरातील उद्योग यांत काय फरक पडला, असे त्यांनी विचारले. कालव्याचे प्रत्यक्ष फायदे वेगळे, अप्रत्यक्ष फायदे वेगळे, आणि दोन्ही मोजलेच पाहिजेत, ही त्यामागची भूमिका होती. ज्या वर्षी हा अहवाल निघाला त्याच वर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. ज्या प्रदेशाला पुढे ही तपासणी सर्वांत अधिक लागणार होती, तो प्रदेश तेव्हा स्वराज्यात नुकते पाऊल टाकीत होता.

स्वराज्यातील पहिला मोठा प्रयोग म्हणजे 2 ऑक्टोबर 1952 रोजी सुरू झालेली सामूहिक विकास योजना. तिच्या जोडीनेच त्या वर्षी नियोजन मंडळाने मूल्यमापनाची एक स्वतंत्र संघटना उभी केली. काम करणारा एक आणि काम तपासणारा दुसरा, हे तत्त्व आपल्या देशाने इतक्या लवकर मान्य केले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पाच वर्षांनी, 1957 साली, बलवंतराय मेहता समितीने योजनेची झडती घेतली, तेव्हा गावकऱ्यांचा पुढाकार या योजनेने जागा झाला नाही, असाच तिचा निष्कर्ष निघाला. इमारती झाल्या, ग्रामसेवक आले, पण गाव हलले नाही. त्या झडतीतूनच पंचायत राज्याची कल्पना पुढे आली आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्रामाणिक तपासणी झाली तर एक सबंध संस्था जन्माला येते, याचे हे उदाहरण होय.

आता अमेरिकेकडे वळू. परदेशांना मदत देणारे अमेरिकेचे सरकारी खाते 1961 साली स्थापन झाले. जगभर शेकडो प्रकल्प सुरू झाले. पण अमुक कोटी खर्चून नेमके काय मिळाले, असे कोणी विचारले की खात्याला सरळ उत्तर देता येईना. 1969 साली लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या रोगाचे निदान करण्यास सांगण्यात आले. त्यांना तीन दोष आढळले. नियोजन संदिग्ध असते, आणि प्रकल्प यशस्वी झाला तर काय दिसेल याचे स्पष्ट चित्र कोणापाशीच नसते. दुसरे, व्यवस्थापकाची जबाबदारी कोठे संपते हे ठरलेले नसते. आणि तिसरे म्हणजे, यश कशाला म्हणावे हेच ठरलेले नसल्यामुळे मूल्यमापन म्हणजे वादी-प्रतिवादीचे भांडण होऊन बसते. श्रोत्यांपैकी ज्यांनी एखाद्या ग्रामसभेत पाझर तलावावरून झालेला वाद ऐकला असेल, त्यांना हे तीनही दोष घरचेच वाटतील.

यावर रोझेनबर्ग यांनी सोळा घरांचा एक तक्ता सुचवला. त्याला तर्कचौकट म्हणावे. आजचे संस्थावाले ‘लॉगफ्रेम’ म्हणतात. चार ओळी आणि चार रकाने. ओळी खालून वर वाचायच्या. सर्वांत खाली कामे, त्यावर फलित, त्यावर हेतू आणि सर्वांत वर उद्दिष्ट. रकाने डावीकडून उजवीकडे. पहिल्यात काय करायचे ते, दुसऱ्यात ते झाले हे ओळखण्याची खूण, तिसऱ्यात ती खूण कोठे पाहायची ते, आणि चौथ्यात गृहीतके, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या पण खऱ्या ठराव्या लागणाऱ्या गोष्टी.

पाझर तलावाचेच उदाहरण घेऊ. माती खोदणे, भराव घालणे, दगडाचे पिचिंग करणे ही झाली कामे. तलाव उभा राहिला हे फलित. तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले हा हेतू. आणि त्या पाण्यावर दुसरे पीक येऊन गावच्या कुटुंबांना कोयता घेऊन ऊसतोडीला जावे लागले नाही, हे उद्दिष्ट. आता खुणा. ‘पाणी वाढले’ असे मोघम लिहून भागत नाही. कोणत्या विहिरी, कोणत्या महिन्यात, किती परस पाणी, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहिले पाहिजे. ते कोठे पाहायचे, तर विहिरीवर जाऊन, दोरी सोडून, चार माणसांसमक्ष. आणि गृहीतके कोणती, तर पाऊस पडेल, तळ गळका निघणार नाही, आणि तलावाशेजारी कोणी खोल बोअर घेऊन झिरपलेले पाणी एकटाच उपसणार नाही. ज्या योजनेत हे शेवटचे वाक्य लिहिलेले नसते, ती योजना कागदावर यशस्वी होते आणि शिवारात बुडते.

हे सारे ‘जर-तर’चे तर्कशास्त्र आहे. जर कामे झाली आणि गृहीतके खरी ठरली, तर फलित मिळेल. जर फलित मिळाले आणि वरची गृहीतके खरी ठरली, तर हेतू साधेल. पायरीवर पायरी. यात नवल काही नाही. आपली शेतकरी आजी बियाणे घेताना याच रीतीने विचार करते. रोझेनबर्ग यांनी तो विचार कागदावर आणायला लावला, आणि कागदावर आलेला विचार दुसऱ्याला तपासता येतो, यात त्याचे महत्त्व आहे.

आम्ही कामगार संघटनेची माणसे. म्हणून ही गोष्ट आम्हांला कारखान्यातून अधिक चांगली कळली. जालना हे लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिलांचे गाव. एका कारखान्यात करार करताना ‘कामगारांना सुरक्षेची साधने पुरवली जातील’ असे कलम होते. वर्षअखेरीस व्यवस्थापनाने हातमोज्यांच्या वाटपाची सह्यांसह यादी पुढे ठेवली. यादी खरी होती. पण भट्टीपाशी भाजण्याचे प्रकार पूर्वीइतकेच होते, कारण मोजे पातळ होते आणि तापलेल्या सळीपुढे टिकत नव्हते. मोजे वाटले हे फलित. हात भाजला नाही हा हेतू. करारात पहिलेच लिहिलेले असल्यामुळे भांडायला आधार उरला नव्हता. पुढच्या करारात भाजण्याच्या घटनांची नोंदवही आणि ती दरमहा दोघांनी मिळून पाहण्याची अट घातली गेली. तेव्हापासून कोणताही मसुदा आला की आम्ही हाच प्रश्न विचारतो: यातले फलित कोणते आणि हेतू कोणता?

महाराष्ट्रात मात्र याच सुमारास याहून मोठा प्रयोग चालू होता, आणि तो कोणा परदेशी सल्लागाराच्या तक्त्यातून आलेला नव्हता. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यातील ज्या पिढीने तो पाहिला, तिच्या आठवणीत खडी फोडण्याचे आवाज आणि सुखडीची चव अजून आहे. 1973 च्या मे महिन्यात राज्यात सुमारे 50 लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. मजुरांच्या मोर्चांनी आणि संघटनांच्या रेट्याने कामाची मागणी हक्काच्या भाषेत बोलली जाऊ लागली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. शहरातील नोकरदारांवर बसवलेल्या व्यवसाय कराचा पैसा खेड्यातील मजुराच्या कामाला जोडला गेला.

या योजनेला तर्कचौकटीत बसवून पाहिले तर एक गाठ लक्षात येते. तिचे हेतू दोन होते. मजुराच्या हाताला काम हा एक, आणि त्या कामातून गावाला टिकाऊ, उत्पादक मालमत्ता मिळावी हा दुसरा. कागदोपत्री दोन्ही समान. व्यवहारात मात्र मनुष्यदिवस मोजणे सोपे, आणि विहिरीचे पाणी मोजणे कठीण. जे मोजायला सोपे ते मोजले गेले. अर्धवट राहिलेले पाझर तलाव आणि पहिल्या पावसात धुऊन गेलेले रस्ते यांवर टीका झाली ती रास्तच होती. परंतु त्या टीकेचा आधार घेऊन कित्येकांनी मजुरीच बंद करावी असे म्हटले, ते मात्र रास्त नव्हते. तलाव अपुरा राहिला हा मजुराचा दोष नव्हता. त्याने खोदले, कोठे खोदायचे हे त्याला कोणी विचारले नव्हते. एका हेतूच्या अपयशाची शिक्षा दुसऱ्या हेतूला, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. काळ्या दगडाचा भूभाग, ज्यात पाणी फार साठत नाही. अशा ठिकाणी पडलेला थेंब अडवणे हाच उपाय. या विचाराने मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने, आधी औरंगाबादजवळच्या आडगावात पाणलोटाचे काम केले. पुढे मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने 1996 च्या सुमारास जालना तालुक्यातील कडवंचीचे काम हाती घेतले. पैसा आला तो भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून. जर्मन सरकारची मदत, नाबार्डमार्फत व्यवस्था, आणि त्यामागे अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य वेचलेले फादर हर्मन बाखर यांचे परिश्रम, असा हा कार्यक्रम.

जर्मनीच्या तांत्रिक सहकार संस्थेने 1983 पासून तर्कचौकटीला स्वतःचे एक वळण दिले होते. तक्ता भरण्यापूर्वी सर्व संबंधितांनी एकत्र बसायचे, एका कार्डावर एकच अडचण लिहायची, ती भिंतीवर लावायची आणि अडचणींचे झाड तयार करायचे: मुळाशी कारणे, शेंड्याला परिणाम. मग तेच झाड उलटे वाचले की उद्दिष्टांचे झाड होते. ‘विहिरी आटतात’ याचे ‘विहिरींना पाणी टिकते’ असे. कडवंचीच्या शेतकऱ्याने सोळा घरांचा तक्ता भरला, असे आमचे म्हणणे नाही. पण त्या कार्यक्रमाची शिस्त याच जातीची होती. एकदम मोठी रक्कम द्यायची नाही; आधी गावाने लहान क्षेत्रावर काम करून, श्रमदान करून, आपली तयारी सिद्ध करायची. गावाची पाणलोट समिती नेमायची. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. प्रत्येक शेतात जाऊन, त्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन, बांध कोठे आणि चर कोठे हे ठरवायचे. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे, कारण वरचे पाणी आवरले नाही तर खालचा बंधारा गाळाने भरतो. येथे ‘जर-तर’चा तर्क कागदावरून उतरून जमिनीच्या उताराला लागला.

अठराशेहून अधिक हेक्टरांवर हे काम झाले. कोरडवाहू पिकांच्या या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. 2012 चा दुष्काळ आला, जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा हजारोंनी वाळल्या, तेव्हा कडवंची तगून राहिली आणि दूरदूरची माणसे ती पाहायला आली. हे यश खरे आहे, आणि ते ज्यांनी कष्टाने मिळवले त्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण यशाचीही तपासणी करावी लागते. नाही तर ती आरती होते. पाणलोटाची अशी कामे जेथे जेथे झाली तेथे दोन प्रश्न उभे राहतात, आणि ते कोणा एका गावापुरते नाहीत. पहिला शेततळ्याचा. कडवंचीत आणि जिल्ह्यात इतरत्र प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेकडो शेततळी झाली. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर ते साठवण. पण विहिरीतून उपसून भरले, तर ते जमिनीखालच्या सर्वांच्या पाण्यातून उचललेला एकाचा हिस्सा होतो, आणि त्यातले बरेच उन्हाने उडून जाते. तळ्यांची संख्या हे फलित वाढते, आणि गावाचे भूजल हा हेतू त्याच वेळी खाली जाऊ शकतो. दुसरा प्रश्न चराईबंदीचा. ज्याच्यापाशी जमीन आहे त्याला बांधाचा लाभ होतो. ज्याच्यापाशी चार शेळ्या आणि दोन हात एवढेच आहे, त्याचे रान बंदीने पहिल्याच दिवशी जाते, आणि लाभ मात्र, मिळाला तर, मजुरीच्या रूपाने काही वर्षांनी मिळतो. अडचणींच्या झाडाचे कार्ड लिहिताना भूमिहीन बाई भिंतीपाशी होती काय, हा आमचा प्रश्न आहे. तिचे कार्ड नसेल, तर तक्ता कितीही तर्कशुद्ध असो, तिच्या दृष्टीने तो तर्क अर्धाच.

विद्वानांनीही या चौकटीचे दोष सांगितले आहेत. हेगच्या समाजविज्ञान संस्थेतील डेस गॅस्पर यांनी 2000 साली तीन विकार दाखवले. काही तक्ते आधी ठरलेल्या प्रकल्पावर नंतर चढवलेले असतात, त्यांत तर्क नसतोच. काहींत महत्त्वाच्या गोष्टी सुटलेल्या असतात. आणि काही कुलूपबंद होतात. परिस्थिती बदलली तरी तक्ता बदलत नाही. खुद्द जर्मन संस्थेनेही 1990 नंतरच्या दशकात आपल्या पद्धतीचा काटेकोर सक्तीचा भाग सैल केला. हत्यार चांगले असले तरी ते कोणाच्या हातात आहे आणि तो ते कशावर चालवतो, यावर सारे अवलंबून असते.

चौकट नसली म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले आहे. डिसेंबर 2014 मध्ये राज्य सरकारने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. दरवर्षी 5,000 गावे आणि 2019 पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र, असा संकल्प होता. संकल्पात दोष नव्हता. उद्दिष्ट तर सुस्पष्ट होते: टंचाईमुक्ती. 2020 साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. 9,633.75 कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागवणे आणि भूजलाची पातळी वाढवणे या बाबतीत अभियानाचा परिणाम फार थोडा झाला, असे त्यात म्हटले होते. नदी-नाले खोल आणि रुंद झाले, ते सर्वांनी पाहिले. पण नाला खोल झाला हे फलित. ते मोजण्यात आपण रमलो, तर त्यावरच्या दोन पायऱ्या रिकाम्या राहतात.

तर मग तपासणी कोणी करावी? या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते अर्थशास्त्रज्ञांपेक्षा मजुरांनी अधिक चांगले दिले आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरपासून जनसुनवाई भरवल्या. दुष्काळी कामांची मस्टरे भर सभेत मोठ्याने वाचायची, आणि ज्याचे नाव येईल त्याने उठून सांगायचे: मी कामावर होतो, किंवा नव्हतो, मला एवढे मिळाले, किंवा नाही मिळाले. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी केलेले हे मूल्यमापन होते, आणि त्यापुढे भले भले तपासनीस फिके पडले. तक्त्याचा तिसरा रकाना, ‘खूण कोठे पाहायची’, तो येथे कचेरीच्या कपाटातून निघून गावाच्या पारावर आला. 2005 साली केंद्राने जो रोजगार हमीचा कायदा केला तो महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा होता. आणि त्यात ग्रामसभेने करावयाच्या सामाजिक अंकेक्षणाचे कलम आले, ते राजस्थानच्या या लढ्यातून.

म्हणजे या इतिहासाचे तीन धागे आहेत. गाडगीळांनी शिकवले की तिजोरीपलीकडे पाहा. रोझेनबर्गांच्या तक्त्याने शिकवले की यशाची खूण काम सुरू होण्यापूर्वी लिहा आणि जे गृहीत धरता ते लपवू नका. मजुरांच्या सभेने शिकवले की ती खूण पाहण्याचा हक्क ज्याच्यासाठी काम आहे त्याचाच. पहिले दोन धागे विद्वानांचे असले तरी तिसऱ्यावाचून दोरी वळत नाही.

आपल्या तालुक्यातून, अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडून, आजही दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे ट्रक भरून जातात. जिल्ह्यात पाण्याची किती कामे झाली याच्या याद्या आपल्यापाशी आहेत. आम्हांला वाटते, त्या याद्यांच्या शेजारी प्रत्येक गावाने आणखी दोन आकडे दरवर्षी लिहावेत: उन्हाळ्याच्या तोंडी गावच्या विहिरींत किती परस पाणी होते, आणि गावातून किती कोयते बाहेर गेले. त्यांना परदेशी सल्लागार लागत नाही, कोटींचा खर्च लागत नाही. एक दोरी, एक वही आणि ग्रामसभेत ती मोठ्याने वाचणारा एक माणूस एवढे पुरे. पहिला आकडा वाढला आणि दुसरा घटला, तर विकास झाला असे म्हणावे. दोन्ही तसेच राहिले, तर काम झाले, एवढेच म्हणावे, आणि पुढच्या वर्षीचा आराखडा त्या वहीवरून करावा.